पाठ आणि पाट

आमच्या घरात ‘ठ’ नव्हता. म्हणजे अम्मीकडे होता, अब्बांकडे नव्हता. मीठ संपलं, साखर संपली तर शेजारून वाटीभर आणता येते. अक्षर कुठून आणणार? अब्बांची बोली दखनी, आणि दखनीत शब्दाच्या मधला-शेवटला श्वास बरेचदा गळून पडतो. पीठ म्हणजे उर्दूत पाठ, तिचं पीट होतं, मुझेचं मुजे. तसंच अब्बा मराठी बोलायला लागले की पाठचं पाट व्हायचं. संध्याकाळी कामावरून आले की ओट्यावर पालथे पडत आणि मला हाक मारत, “जमिला, माजा पाट लई दुखतो गे.” आत चुलीपुढं बसलेली अम्मी भाकरी थापता थापता ओरडायची, “दुखंल नाय तर काय! केवढं पाणी वाहतं त्यातून!” पाट म्हणजे शेताला पाणी नेणारा कालवा आणि पाठ म्हणजे ही आपली मागची, एवढं मला दुधाचे दात पडायच्या आत कळत होतं. आम्ही मायलेकी हसत सुटायचो. मग मी भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर उभी राहायची आणि पायांनी चेपायची, आणि अब्बा ‘हाय, हाय’ करत डोळे मिटून घ्यायचे.

अब्बा तळ्याचे दरोगा होते. आता दरोगा म्हटलं की माझ्या नातवंडांना पोलीस दिसतो, दंडुका आणि मिशा दिसतात. अब्बांकडे दंडुका नव्हता, मिशाही बेताच्याच होत्या. निजामाच्या अमलात तळी राखायला सरकारची माणसं असत, त्यांतले ते एक. शहराबाहेर हर्सूल मागं टाकून डोंगराच्या कडेकडेनं गेलं की आमचं तळं लागे. त्याला नाव नव्हतं, आसपासचे लोक नुसतं ‘तळं’ म्हणत, आणि ते कोणी बांधलं हे विचारलं की प्रत्येक म्हातारा वेगळ्याच राजाचं नाव सांगे. दोन टेकड्यांच्या मधे मातीची लांबच लांब पाळ घातलेली, आत पाणी. पाळीचं पाण्याकडचं अंग म्हणजे पोट. त्यावर दगड बसवलेले. गावाकडचं अंग म्हणजे पाठ, तिच्यावर गवत. पाळीच्या खालून एक दगडी मोरी गेलेली, तिचं दार उचललं की पाणी पाटात येई आणि पुढं गव्हाच्या, लसणाच्या वाफ्यांत जाई. आमचं सरकारी घर त्या पाठीच्या अगदी पायथ्याशी होतं, आणि आमच्याही खाली वीसेक घरांची वाडी. डोक्यावर तळं घेऊन आम्ही सगळे जेवत होतो, झोपत होतो, भांडत होतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

अम्मी सोयगावकडची. तिच्या तोंडून मराठी अशी सांडायची की नवीन माणसाला ती कुणा पाटलाची लेक वाटे. मातीकामाच्या टोळीचा मुकादम मारुतीही त्याच भागातला, म्हणून तो तिला अक्का म्हणे आणि मी त्याला मारुतीमामा. परक्या पुरुषांपुढं अम्मी गोषा पाळायची, दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा, पडदा असे. पण मारुतीमामा आला की पडदा बाजूला. “माहेरच्या माणसापासून कसला आलाय गोषा?” असं ती म्हणे, आणि अब्बा त्यावर काही बोलत नसत, कारण मामा आला की अंबाड्याची भाजी आणि लसणाची चटणी होई आणि ती अब्बांनाही हवी असे. अब्बांना खट्टी दाल लागे, मामाला ज्वारीच्या कण्या. एकाच चुलीवर दोन मुलूख शिजायचे. जेवताना दोघं पाळीबद्दलच बोलत, जशी दुसरी माणसं म्हशीबद्दल किंवा सुनेबद्दल बोलतात. म्हातारी झाली, तिला ओल लागते, तिचं पोट जरा सुटलंय, वगैरे.

त्या वर्षी परतीचा पाऊस जाता जाईना. तळं तुडुंब भरलं. अब्बा रोज सकाळी अनवाणी पाळीच्या पाठीवरून फिरून येत. ओल तळपायाला आधी कळते, डोळ्याला नंतर, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी ते परत आले तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरले होते आणि त्यांनी चहा मागितला नाही. पाठीचा मधला मोठा तुकडा खाली सरकला होता. वरच्या बाजूला विळ्याच्या आकाराची भेग पडली होती आणि खालची माती फुगून आमच्या परसाच्या दिशेनं आली होती, गवतासकट, जणू कुणी गोधडी पायानं खाली ढकलली असावी. मी पळत बघायला गेले तर अम्मीनं मला वेणीला धरून मागं ओढलं. वाडीतल्या बायकांनी त्या दिवशी चुली पेटवल्या नाहीत. सगळे पाळीकडे तोंड करून बसले होते.

पाळ त्या वर्षी फुटली नाही, उभी राहिली. पण पुढच्या पावसाळ्याच्या आत ती दुरुस्त झाली नाही तर काय होईल, हे पोरासोरांनाही कळत होतं. थंडी पडली तशी मारुतीमामाची टोळी आली, पालं पडली, गाढवं आली, आणि दिवसभर माती चोपायची धुमस आपटल्याचा आवाज घरात यायला लागला. धुम, धुम, धुम. अम्मीच्या हातची भाकरीसुद्धा त्या ठेक्यावर पडायला लागली. कामाची रीत अशी: तळ्यातलं पाणी आधी थोडं थोडं उतरवायचं, रोज वीतभर, त्याहून जास्त नाही. कारण पोटाची भिजलेली माती पाण्याच्याच आधारानं उभी असते. आधार एकदम काढला की तीही बसते. मग पायथ्याला दगडांचा आधार देऊन पाठीवरची घसरलेली माती उचलून खालची घट्ट जमीन उघडी करायची, तिला पायऱ्या पाडायच्या, मुरलेलं पाणी निघून जावं म्हणून दगडांनी भरलेले चर काढायचे, आणि मग नवी माती थराथरानं चोपत वर यायचं. पाठ अशी उघडी करण्याला टोळीवाले ‘ढासळ उचलणं’ म्हणत. अब्बांचा शब्द वेगळा. ते म्हणत, पाठ खोलायची. जखमेवरची पट्टी खोलतात तशी.

पायथ्याचं दगडकाम उरकत आलं आणि शहरातल्या लष्करी छावणीतून निरोप आला की अब्बांची बहीण आजारी आहे. अब्बा बैलगाडीत बसले. मी त्यांना डबा द्यायला गाडीजवळ उभी होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. गाडी हलली तसे अब्बा मागं वळून ओरडले, “मारुती! मी येतो तवर पाट खोलून ठेवा. पूरा!”

मारुतीमामा पाळीवर उभा होता. त्यानं कानाला हात लावला. “काय? पूरा?”

“हौ, पूरा!”

“पूरा खोलायचा म्हंता?”

“हौ रे बाबा, पूरा!” आणि गाडी वळणाआड गेली.

मामानं डोकं खाजवलं. मग मोरीकडे गेला. बिचाऱ्यानं तीनदा विचारलं होतं, आणखी काय करायचं? मला काही वाटलं नाही. माझ्या कानाला ते अब्बांचं नेहमीचं बोलणं होतं, आणि त्यातला कुठला पाट हे ठरवायची गरज मला कधी पडलीच नव्हती. ते ओट्यावर पालथे पडले की तो दुखणारा, उभे असले की तो वाहणारा.

संध्याकाळी अम्मी म्हणाली, “आज पाट लई बोलतोय.” खरंच बोलत होता. एरवी तो आमच्या घरावरून कुजबुजत जायचा, त्या दिवशी जत्रेतल्या माणसासारखा ओरडत होता. खालच्या रानातले शेतकरी खूश होते, गव्हाला मागता पाणी मिळेना आणि आज न मागता मिळत होतं. दुसऱ्या दिवशी अम्मीनं मामाला विचारलं, तो म्हणाला, “दरोगासाहेबाचा हुकूम हाय अक्का. मलाबी इपरीतच वाटतंय, पर त्यास्नी मोहतमीम साहेबाचा सांगावा आला आसंल.” मोहतमीम म्हणजे आजच्या भाषेत इंजिनिअर. वरून हुकूम आला म्हटल्यावर बोलणं संपलं. त्या राज्यात वरून काहीही यायचं.

अब्बा परतले ते हसतमुख. बहीण उठून बसली होती, भावाला मटणाचा खलिया खाऊ घालून तिनं पाठवलं होतं, आणि बरोबर फडक्यात बांधलेले नान. छावणीचे नान म्हणजे आमच्याकडे ईदच. मी फडकं उघडलं, अजून वास घेते आहे तोच अब्बांनी मान वर केली आणि विचारलं, “ये आवाज कायका?” ते उत्तराला थांबले नाहीत. चपला ओट्यावरच राहिल्या. ते पाळीवर चढत होते आणि मी मागून, आणि आम्ही दोघं वर पोचलो तेव्हाच ते झालं. तापलेल्या दुधावरची साय बोटानं ओढावी तसं पाळीचं पोट सुरकुतलं, आणि दगड एकेक करत, मग सगळे मिळून, खाली चिखलात गेले. फार मोठा आवाज झाला नाही. नुसता एक जड सुस्कारा. पाठ आधीच गेलेली, आता पोटही गेलं. मधे उरली ती एक बारकी भिंत, तिच्यावर आम्ही उभे.

अब्बांनी आधी मोरीचं दार खाली सोडून बंद करायला लावलं. मग मारुतीमामाला म्हणाले, “कोन खोलला?”

“तुमीच तर म्हनला पाट खोला. मी तीन डाव इचारलं, पूरा का म्हून.”

“पाट बोललो मी, पाट!” अब्बांनी स्वतःच्या पाठीवर धपाधप मारून घेतलं. “ये पाट! पाळीचा पाट!”

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला. “पाठ,” तो म्हणाला, अगदी हलक्या आवाजात. “आरं द्येवा. पाठ व्हय.”

आणि ज्या शब्दावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो तो शब्द तिथं आमच्या तिघांच्या मधे येऊन पडला. अब्बा खाली बसले. त्यांनी मामाला शिवी दिली नाही, मामानंही आवाज चढवला नाही. मला त्या दोघांचा आजही अभिमान वाटतो. त्या संध्याकाळी अब्बा ओट्यावर पालथे पडले, पण काही दुखतंय असं म्हणाले नाहीत, आणि अम्मीनंही आतून काही म्हटलं नाही. नान तसेच राहिले आणि कडक झाले.

मोहतमीम साहेब चौकशीला येणार हे कळलं तेव्हा घरात जे बोलणं झालं ते मी चुलीमागून ऐकलं. चूक अब्बांची ठरली तर नोकरी जाणार आणि घरही, कारण घर सरकारचं. मामाची ठरली तर त्याला सरकारी काम कुठंच मिळणार नाही, टोळीतली सगळी बायकापोरं रस्त्यावर. आणि दोघांपैकी कुणीही गेलं तर पाळ पावसाआधी पुरी कोण करणार? म्हातारीच्या अंगाची सवय या दोघांनाच होती. अम्मी म्हणाली, “तुम्ही खरं ते सांगा.” अब्बा म्हणाले, “सच्ची बात में भी एक आदमी जाताच ना.”

साहेब आले, हैदराबादचे, उंच, शेरवानीतले. बरोबर पेशकार, म्हणजे कारकून, म्हणून शहरातले एक पंत, मराठी, भस्माची पट्टी लावलेले. ओट्यावर खुर्ची मांडली. अम्मी आणि मी पडद्यामागं. साहेबांची उर्दू फार साफ होती, इस्त्री केल्यासारखी. त्यांनी विचारलं, “मोरी खोलने का हुक्म किसने दिया?”

अब्बा म्हणाले, “मैं दिया सरकार. जबान मेरी फिसली.”

मारुतीमामा हात जोडून पुढं आला. “नाय सरकार. हुकूम बरुबर व्हता. म्या उलटा आयकला. माज्या कानाचा गुन्हा हाय.”

“नक्को मारुती, तू चुप बैट.”

“तुमी गप ऱ्हावा दरोगासाहेब. लेकराबाळाचे धनी तुमी.”

“और तेरेकू लेकरां नहीं क्या?”

पंतांनी लेखणी खाली ठेवली. दोघं माणसं गुन्ह्यासाठी अशी भांडत होती की वाटावं, जिंकेल त्याला इनाम आहे. साहेबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “बस! दोनों में से एक झूट बोल रहा है. कौन?”

“कोई नहीं, सरकार.”

तो आवाज अम्मीचा होता. माझ्या शेजारून आला तरी मला वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं. गोषातली बाई, साहेबासमोर, मर्दांच्या चौकशीत. अब्बांची मान खाली गेली. साहेब पडद्याकडे न बघता खुर्चीतून उठून उभे राहिले, अदबीनं. अम्मीनं हात माझ्या खांद्यावर दाबून धरला होता. ती म्हणाली, “गुस्ताखी माफ सरकार. तालाब के बंद की पीठ को मराठी में क्या बोलते, आप पंतां से पूछो.”

पंत म्हणाले, “पाठ.”

“और नहर को?”

“पाट.”

“अब सरकार, आप बोल के देखो.”

साहेब जरा घुटमळले. मग म्हणाले, “पाट.” थांबले. “और... पाट.” पंतांनी उपरणं तोंडाला लावलं. साहेबांच्या कपाळावर आठी आली. “मगर ये दोनों तो एक ही लफ्ज हैं!”

“एक नाय सरकार,” मारुतीमामा कळवळून म्हणाला. “एक मानसाची हाय, एक पान्याचा हाय!”

अम्मीनं खाली वाकून कोंबडीचं एक पीस उचललं, आमच्या घरात ती कुठंही पडलेली असत, आणि माझ्या हातात दिलं. कानात सांगितलं काय करायचं ते. मी पडद्याबाहेर गेले. आधी पीस मामाच्या तोंडासमोर धरलं. तो म्हणाला, “पाठ.” पीस उडालं. मग पंत. पीस उडालं. मग अब्बांसमोर धरलं. अब्बांनी डोळे मिटले, सगळा जोर एकवटला, आणि म्हणाले, “पाट.” पीस हललंसुद्धा नाही. मला रडू आलं. साहेबांनी हात पुढं केला, पीस माझ्याकडून घेतलं, स्वतःच्या ओठांसमोर धरलं आणि म्हणाले. एकदा, मग परत एकदा. पीस आपलं गुमान उभं.

आणि साहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून. ती साफ उर्दू कुठल्या कुठं गेली. “मेरे अम्माजान बी ऐसाच बोलते थे,” ते म्हणाले. “लोगां हँसते थे, हमें सारी उमर नहीं समजा, इस में हँसने का क्या है.” मग त्यांनी पीस शेरवानीच्या खिशात ठेवलं, आणि पुन्हा साहेब होऊन म्हणाले की पाळ दोघांनी मिळून बांधायची. पाऊस सरल्यावर आपण येऊ. पाणी अडलं तर ही गोष्ट इथंच संपली. नाही अडलं तर दोघंही जातील.

उन्हाळाभर ती पाळ बांधली. पोटाच्या तळाशी दगडांची रास टाकून तिला पाय दिला, मुरूम भरला, वरून दगड एकेक हातानं पाचर मारून बसवले. पाठीला पायऱ्या पाडून माती चोपली. वाडीतले पुरुष, बायका, मीही. डोक्यावर मातीची पाटी घेऊन आम्ही मुंग्यांसारखे वर जात होतो. अम्मी रोज दुपारी अब्बांसमोर पीस धरून त्यांना ‘ठ’ शिकवायची. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. दात दुखावेत तसं तोंड करायचे, थुंकी उडायची, पीस भिजायचं, पण श्वास काही निघायचा नाही. शेवटी मारुतीमामानंच तोड काढली. “दरोगासाहेब, तुमी पाठ म्हना नायतर पाट म्हना. पर पाळीचं सांगायचं आसंल तवा आपल्या पाठीवर एक थाप मारत जावा. पान्याचं आसंल तर मारू नका.” बस. त्या दिवसापासून पाळीवर हाच कायदा. पुढं पुढं ज्यांना ‘ठ’ चांगला येत होता तेही पाठ म्हणताना हात मागं नेऊन थाप मारू लागले. टोळीतल्या बायका, पोरं, सगळे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या लोकांना डास फार चावतात.

पावसाळ्यात तळं भरत गेलं तसं घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. अब्बा आणि मामा पाळीच्या पाठीवरून आळीपाळीनं अनवाणी फिरायचे. चरांतून पाणी आलं, पण नितळ आलं. गढूळ आलं असतं तर माती आतून चालली असती. जास्तीच्या पाण्याचा सांडवा वाहिला. पाळ जागची हलली नाही. पाऊस सरल्यावर साहेब आले, पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. घोड्यावर बसताना त्यांनी अब्बांकडे बघितलं, हात मागं नेऊन शेरवानीवर हळूच एक थाप मारली आणि विचारलं, “पाट ठीक है?” अब्बांनीही थाप मारली. “हौ सरकार. पाट ठीक है.” त्या संध्याकाळी ते ओट्यावर पालथे पडले आणि मोठ्यानं म्हणाले की माजा पाट दुखतो, आणि अम्मीनं आतून पाण्याचा टोमणा मारला, आणि मग ती चुलीपुढं बसून किती तरी वेळ रडत होती.

पुढं राज्य गेलं, दरोगाचं कामही गेलं. अम्मी गेली, मारुतीमामा गेला. अब्बा माझ्याकडे शहरात राहायला आले आणि खूप म्हातारे झाले. शेवटी शेवटी बोलणं आटलं होतं. एका दुपारी मी उशाशी बसले होते, त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “पाट... खोल.” मी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटं चादरीवर जरा हलली, पण हात उचलला गेला नाही. थाप मारायची होती आणि मारता येत नव्हती, की मारायचीच नव्हती? घसा कोरडा होता, की पडून पडून पाठ जळत होती? मी वाकून विचारलं, “पूरा, अब्बा?” त्यांनी पापण्या मिटून ‘हौ’ म्हटलं. मग मी आधी चमच्यानं थोडं थोडं पाणी त्यांच्या तोंडात घातलं, रोजच्यासारखं सावकाश. नंतर त्यांना कुशीवर वळवलं, सदरा वर केला, पाठ उघडी केली, आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले.